सोरखाचा घोडा

आयर्लंडमधल्या ॲथिया गावाच्या वर, जिथे रस्ता डोंगराकडे वळतो, तिथे इटा हार्नेटची पागा होती. वडलांनी उभी केलेली, वडील गेल्यावर तिच्या गळ्यात पडलेली, आणि गळ्यात पडली पडली म्हणता तिचा जीव होऊन बसलेली. इटाने लग्न केलं नाही. विचारणारे आले नाहीत असं नाही. एका शाळामास्तराशी तर जवळजवळ ठरलं होतं, पण त्याला घोड्यांच्या वासाने शिंका यायच्या म्हणून इटाने त्याला दारातूनच वाटेला लावलं, असं गावात अजून सांगतात. खरी गोष्ट एवढीच की त्याला डब्लिनला नोकरी लागली आणि इटाला पागा सोडवेना.

घोडा पारखण्यात तिचा हात धरणारं त्या मुलखात कुणी नव्हतं. लांबलांबची माणसं घोडा घेण्याआधी तिला सोबत न्यायची. ती घोड्याभोवती एक फेरी मारायची, त्याला समोरून आणि मागून चालवून बघायची आणि मग खिशातून रुमाल काढून नाक पुसायची. बाईंनी नाक पुसलं की समजायचं, घोडा नापास.

एवढा डोळा असून नशीब मात्र बेताचंच. क्लॉनमेल, थर्ल्स, मॅलो अशा लहानसहान मैदानांवर तिचे घोडे अधूनमधून जिंकायचे आणि पागा कशीबशी चालायची. पण मार्चात इंग्लंडमध्ये चेल्टनमला शर्यतींचा जो मोठा मेळा भरतो, ज्याच्यासाठी अर्धं आयर्लंड बोटी आणि विमानं भरून जातं, तिथे नेण्याजोगा घोडा तिच्या दारात कधी उभा राहिला नाही. दर मार्चात ती स्वयंपाकघरातल्या टीव्हीसमोर बसायची, तेही अंगातला कोट न काढता, जणू आत्ता उठून जायचंय. दुसऱ्यांचे घोडे जिंकायचे. ती टीव्ही बंद करून चारा टाकायला जायची.

सोरखा मॅगनर तिच्याकडे आली ती शाळा संपल्या संपल्या. आर्ड्याच्या बसड्रायव्हरची लेक, घोड्यावर कधी बसलेलीसुद्धा नव्हती. इटाने तिला लगाम धरायला शिकवलं, लंगडा पाय हाताने चाचपून ओळखायला शिकवलं, आणि घोडा कसा पाहायचा तेही शिकवलं. दहा वर्षं ती तिथे राबली. आपल्यामागे पागा हिलाच द्यायची असं इटाने मनात पक्कं केलं होतं, पण बोलून कुणालाच दाखवलं नव्हतं, सोरखालाही नाही. तिथेच घोटाळा झाला.

एका सकाळी चहा घेताना सोरखा म्हणाली, "बॉस, मी ट्रेनरचं लायसन्स काढतेय. ॲबीफीलजवळ एक जुनी पागा भाड्याने मिळतेय. घोडे थोडेच असतील, पण जे असतील ते माझे मी तयार करीन."

"छान," इटा म्हणाली. "फारच छान."

तिने सोरखाला वडलांचं एक जुनं खोगीर भेट दिलं, फाटकापर्यंत सोडायला गेली, हात हलवला. मग आठवडाभर ती मॉसशी धड बोलली नाही. मॉस गायनी हा पागेतला जुना माणूस, तिच्या वडलांच्या वेळचा. इटाला दोन वेण्या घालून हुंदडताना त्याने पाहिलं होतं, त्यामुळे तिला वाटेल ते ऐकवायचा हक्क आपल्यालाच आहे असं तो धरून चालायचा.

"पोरगी गेली म्हणून रडायचं असेल तर रड एकदाची," तो म्हणाला. "घोड्यांवर कशाला ओरडतेस?"

"मी रडत नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

त्याच वर्षी पॉडी कल्हेन नावाचा दूधवाला शेतकरी एक तरुण घोडा घेऊन इटाकडे आला. घरच्याच घोडीचा. काळपट तपकिरी, लांब पायांचा, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. नाव ठेवलं होतं संडे सूट, कारण पॉडीच्या बायकोच्या मते तो चिखलात लोळूनही रविवारी चर्चला निघाल्यासारखा दिसायचा. इटाने फेरी मारली, चालवून पाहिलं आणि नाक पुसलं.

"छातीत अरुंद आहे, पॉडी. मागचा भाग उंच. अडथळ्यावरून न्यायला याला शिडी लावावी लागेल."

पॉडी हसला, घोडा गाडीत चढवला आणि तसाच सोरखाकडे घेऊन गेला.

पुढच्या नोव्हेंबरात क्लॉनमेलला नवख्या घोड्यांची अडथळ्यांची शर्यत होती. इटाचाही एक घोडा त्यात होता. तिचा घोडा घामाघूम होऊन शेवटच्या चौघांत आला. संडे सूट सगळ्यांच्या पुढे होता, इतका पुढे, की जॉकीला मागे वळून पाहायला सवड मिळाली. इटा कठड्याला टेकून उभी होती. सोरखा ओल्या गवतातून धावत घोड्याकडे गेली, डोक्यावरची टोपी पडली तरी थांबली नाही, आणि पॉडी कल्हेनने एवढ्या माणसांसमोर तिला उचलून गोल फिरवलं. इटाने टाळीसाठी उचललेले हात कोटाच्या खिशात घातले.

"शिडी कुठे दिसली नाही ती," मॉस शेजारून म्हणाला.

"तोंड बंद ठेव, मॉस."

बारमध्ये जो तो येऊन तिचंच अभिनंदन करू लागला. तुझीच शिष्या ना ती? तुझ्याच हाताखाली तयार झाली ना? इटा हो म्हणायची, हसायची, आणि दर हसण्यागणिक आत काहीतरी आंबट चढायचं. सोरखा हरली असती तर आपण तिला जवळ घेऊन समजावलं असतं, हे तिला माहीत होतं. मनापासून समजावलं असतं. हीच गोष्ट तिला घरी परतताना सारखी टोचत राहिली.

पंधरवड्याने कॉर्मॅक डिनीन पागेत आला. शार्लव्हिलला त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं, इटाकडे त्याचे दोन घोडे होते आणि दोघांनी त्याला आजवर जांभयाच द्यायला लावल्या होत्या.

"इटा, मला चेल्टनमला जायचंय," तो म्हणाला. "तिकीट काढून नाही. माझा घोडा घेऊन. तो कल्हेनचा घोडा म्हणे फार नावाजतायत. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी लिमरिकला पळणार आहे. तुम्ही बघा. तुम्ही घ्या म्हणालात तर घेतो आणि इथेच आणून बांधतो. नको म्हणालात तर विषय संपला."

"पॉडी विकेल?"

"तो शेतकरी माणूस आहे. घोडा हरला किंवा लंगडला की हातात काय उरतं हे त्याला कळतं. ती मुलगी तेवढी विकू देत नाही म्हणे."

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सगळं लिमरिक रेसकोर्सवर लोटतं. घरात बसून उरलेली टर्की खाऊन कंटाळलेली माणसं, नव्या स्वेटरातली मुलं, आदल्या दिवशीच्या दारूने डोळे सुजलेले काका. त्या दिवशी जमीन इतकी भिजलेली होती की घोड्यांचे खूर उचलताना चप्प चप्प आवाज येत होता. इटा नेहमीच्या जागी उभी राहिली, शेवटून दुसऱ्या अडथळ्याच्या तोंडाशी, जिथे फारसं कुणी येत नाही. तिचं मत होतं की शेवटच्या रेषेवर घोडा जिंकताना दिसतो, पण या जागी तो कसा आहे ते दिसतं.

शर्यत अगदी संथ निघाली. पुढे जाऊन वेग धरायला कुणीच तयार नव्हतं. संडे सूट घोळक्यात अडकला होता, तोंडावर चिखल उडत होता, तरी तो डोकं झटकत नव्हता. अडथळ्यांवरून तो उंच उडत नव्हता. मांजर खिडकीतून आत येतं तसा, खाली आणि चटकन, पलीकडे उतरत होता. इटासमोरच्या अडथळ्यावर तो सहज आघाडीला आला. आणि आघाडीला येताच त्याने कान टवकारले आणि गर्दीकडे बघायला लागला. चाल ढिली पडली. मागून एक पांढरा घोडा घासत आला, त्याच्या बरोबरीला पोचला, लोक ओरडू लागले. तेव्हा संडे सूटने जणू आत्ता आठवल्यासारखी मान पुढे काढली आणि मानेएवढ्याच अंतराने जिंकला.

कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. "कसाबसा वाचला," "क्लॉनमेलला हवा होती नुसती," असं माणसं परतताना बोलत होती. इटाला मात्र वेगळंच दिसलं होतं. ती जवळजवळ धावतच विजेत्याच्या रिंगणाकडे गेली. घोड्याच्या नाकपुड्या पाहिल्या, बरगड्या पाहिल्या. शर्यत पळून आलेला वाटतच नव्हता. जलद शर्यत मिळाली, थोडं जास्त अंतर मिळालं, पुढे ओढून नेणारं कुणी मिळालं, तर हा कुठवर जाईल? तीस वर्षं टीव्हीसमोर कोट घालून बसून जे पाहिलं होतं, त्यातलं काहीतरी आपल्यासमोर उभं आहे, असं तिला वाटलं. आणि त्याचा लगाम सोरखाच्या हातात होता.

घोडा खोगिरातून मोकळा झाल्यावर सोरखा तिला शोधत आली. चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता.

"बॉस, तुम्ही खालीच होतात ना? खरं सांगा, काय दिसलं तुम्हाला? सगळे म्हणतायत घोडा उगाच चढवून ठेवलाय. मला वाटतं तो आळसावला. पण मी त्याच्या प्रेमात आहे, माझ्यावर माझाच विश्वास नाही. पॉडीला एकजण भाव देतोय. पॉडी म्हणतो, तू सांगशील तसं."

एवढ्या गर्दीत ती इटाकडेच आली होती. अजूनही. इटाने तिचा चिखलाने माखलेला हात पाहिला, ओले केस पाहिले, आणि तिला वाटलं, हिला सगळंच कसं मिळतं? पहिल्याच वर्षी? मी नाकारलेल्या घोड्यावर?

तिने रुमाल काढला आणि नाक पुसलं.

सोरखाचा चेहरा उतरला.

"चांगला आहे गं," इटा म्हणाली. "लहान मैदानांवर जिंकत राहील. पण आज त्याने कुणाला हरवलं? शेवटी त्याच्यात काही उरलं नव्हतं. दोन्ही शर्यती जिंकल्यात तोवर पॉडीला विकू दे. तुझं कमिशन येईल, त्यात दुसरा घोडा घे. पहिल्या घोड्यात जीव अडकवायचा नसतो."

"असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं ते सांगितलं. पुढे तुझी मर्जी."

"नाही, नाही. तुम्ही म्हणता म्हणजे..." सोरखाने मान हलवली आणि चक्क तिला मिठी मारली. "थँक्स, बॉस. दुसऱ्या कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नसतं."

अर्ध्या तासाने इटा वरच्या मजल्यावर डिनीनच्या टेबलाशी गेली. तो सूप पीत होता.

"घ्या," ती म्हणाली. "घासाघीस करू नका. तीस वर्षांत मी असा नवखा घोडा पाहिलेला नाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संडे सूट इटाच्या पागेत आला. त्याला गाडीतून उतरवलं सोरखानेच; डिनीनचे घोडे इटाकडेच असतात, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने त्याच्या सवयी सांगितल्या: पाण्याची बादली डाव्या कोपऱ्यात हवी, पोट चोळलेलं आवडत नाही, सफरचंद कापून दिलं तरच खातो. मग त्याच्या कपाळावर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि गाडी घेऊन निघून गेली. इटाने घरात येऊन चहा ठेवला आणि तो प्यायला विसरली.

घोडा आपल्या दारात आला की मनातली आग विझेल, अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. नालबंद आला, त्याने पाय उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा सोरखाचा घोडा ना?" दाणे टाकणारा म्हणाला, "सोरखाच्या घोड्याला किती देऊ?" घोड्यांच्या डॉक्टरनेही तेच म्हटलं. मॉस तर मुद्दाम म्हणायचा. सरावाला घोडा इतक्या शहाण्यासारख्या उड्या घेई की मॉस पाहून मान डोलवायचा.

"तिने शिकवलाय हो. किती हलक्या हाताने शिकवलाय बघ."

"आणि तिला कुणी शिकवलं?" इटा एकदा भडकून म्हणाली.

"तू. म्हणून तर तुला आनंद व्हायला हवा."

फेब्रुवारीत नासच्या मैदानावर मोठी शर्यत होती, चेल्टनमआधीची परीक्षा म्हणावी अशी. संडे सूट जिंकला. मैदानावरच्या बाईने इटासमोर माइक धरला. डिनीन शेजारी लहान मुलासारखा उड्या मारत होता. घोडा कुठून मिळाला, कुणी तयार केला, असं विचारल्यावर इटा म्हणाली, "त्याला लिमरिकला पाहिला आणि वाटलं, याच्यात काहीतरी आहे." सोरखाचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं. घरी जाताना गाडीत मॉस एक शब्द बोलला नाही, आणि मॉसचं गप्प बसणं हे त्याच्या बोलण्यापेक्षा कितीतरी वाईट असायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नालबंदाची म्हातारी आई गेली. दुपारी सगळा गाव रिवाजाप्रमाणे अंत्यदर्शनाला त्यांच्या घरी लोटला. पुढच्या खोलीत म्हातारी शवपेटीत शांत झोपलेली, मागच्या खोलीत चहा, हॅम सँडविच आणि गप्पा. इटा खिडकीपाशी बशी धरून उभी होती. तिथून तिला दिसलं की डिनीन सोरखाशी बोलतोय. शब्द ऐकू येत नव्हते, पण डिनीनचे हात ऐकू येण्यासारखे होते: तो घोडा, तो कान टवकारणारा क्षण, मग सूपचा वाडगा, मग इटाची नक्कल, बोट वर करून. माणूस मोकळ्या मनाचा होता. त्याला वाटलं असेल, या मुलीला आपल्या घोड्याचं कौतुक ऐकून बरं वाटेल.

सोरखाच्या हातातला कप ओठांजवळ जाऊन थांबला. तिने तो खाली ठेवला, डिनीनला काहीतरी विचारलं, आणि मग सावकाश मान वळवून खोलीभर इटाला शोधलं.

इटा बाहेर आली. पळून जायचं असतं तर जाता आलं असतं, पण तिच्या गाडीमागे तीन गाड्या लागल्या होत्या. सोरखा अंगणात आली आणि चिखलात तिच्यासमोर उभी राहिली.

"डिनीन म्हणतो तुम्ही त्याला लिमरिकलाच सांगितलंत. तीस वर्षांत असा घोडा पाहिला नाही म्हणून."

"हो."

"माझ्याशी बोलल्यानंतर?"

इथे एक पळवाट होती. नंतर लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं. इटाने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती पळवाट तिच्याच्याने घेववली नाही.

"नंतर. पण दिसलं होतं आधीच. तो माझ्यासमोरच्या अडथळ्यावर होता तेव्हाच."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

दहा वर्षांत सोरखाने तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. इटाला ते थपडेसारखं लागलं.

"मला वाटत होतं ना तो आळसावला म्हणून? मी म्हटलंही होतं तुला. आणि तू नाक पुसलंस! मी पॉडीच्या स्वयंपाकघरात बसून त्याला सांगितलं, विका, इटा म्हणते विका. तो म्हणत होता राहू दे वर्षभर. मी त्याला पटवलं, मी! का गं? तुझं काय वाईट केलं होतं मी?"

"काही नाही."

"मग?"

आतून कुणीतरी जपमाळेची प्रार्थना सुरू केल्याचा एकसुरी आवाज येऊ लागला.

"तुझं चांगलं होत होतं," ती शेवटी म्हणाली. "ते मला बघवेना."

सोरखा एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "जा चेल्टनमला. जिंक. आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस, अजून घेतलं नाहीस तसंच." आणि आत प्रार्थनेला गेली.

मार्चात इटा बोटीने चेल्टनमला गेली. डिनीनने कोटाला हिरवं फूल लावलं होतं, दुकानातली सगळी माणसं आणली होती. शर्यत वाऱ्यासारखी सुटली. संडे सूटला हवा होता तसा वेग होता, हवी होती तशी जमीन होती, कुठे अडला नाही, एकही उडी चुकली नाही. शेवटच्या वळणापर्यंत तो पहिल्या तिघांत होता. मग समोर शेवटच्या रेषेआधीची, चेल्टनमची सुप्रसिद्ध चढण आली, आणि तो एकेक पाऊल मागे पडत गेला. सहावा आला. जॉकीने उतरून खोगीर सोडवलं आणि टोपी मागे सारली.

"चांगला घोडा आहे, मॅडम. प्रामाणिक आहे. होतं नव्हतं ते सगळं दिलं त्याने. पुढचे पाच जण त्याच्यापेक्षा सरस होते, बस."

घरी आल्यावर एका दुपारी इटाने लिमरिकच्या शर्यतीचं चित्रण लावलं. कोट काढून ठेवून, खुर्ची जवळ ओढून. कान टवकारलेले होते, खरंच होते. पण ती पुन्हा पाहू लागली तेव्हा तिला जॉकीचे हात दिसले. पांढरा घोडा बरोबरीला येण्याच्या कितीतरी आधीपासून ते हात चालू होते, ढकलत, मागत. घोडा खेळत नव्हता. थोडा बघत होता आणि बराचसा थकला होता. तो पांढरा घोडा त्यानंतर एकही शर्यत जिंकला नव्हता. तिने डिनीनला सांगितलं ते खरं नव्हतं, आणि सोरखाला खोटं म्हणून सांगितलं तेच बरंचसं खरं निघालं होतं. घोडा मधला होता. भला, सुखाचा, वर्षाला दोन-तीन शर्यती जिंकून देईल असा. जे हात तिला कुठल्याही परक्या घोड्याच्या बाबतीत पहिल्या नजरेत दिसले असते, ते त्या दिवशी तिला दिसलेच नव्हते. सोरखाच्या हातात आहे म्हटल्यावर तो घोडा तिला डोंगराएवढा दिसला होता.

"मॉस," ती म्हणाली, "तुला लिमरिकला काय वाटलं होतं याच्याबद्दल?"

मॉस दारात बूट काढत होता. "मला वाटलं बरा आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर पेटलेली होतीस."

एप्रिलमध्ये ती ॲबीफीलला गेली. सोरखा मागच्या शेतात एका तरुण घोडीला लाकडी ओंडक्यांवरून उड्या शिकवत होती, कमिशनच्या पैशांत घेतलेली ठेंगणी, लालसर घोडी. तिने इटाला पाहिलं आणि घोडीला थांबवलं नाही. इटा फाटकाला धरून उभी राहिली. घोडीच्या तीन फेऱ्या झाल्यावर मोठ्याने म्हणाली, "सूट तेवढा मोठा घोडा नाही, सोरखा. मी डिनीनला चुकीचं सांगितलं. तुझ्याकडे असता तरी तो तिथवरच गेला असता."

सोरखाने लगाम ओढला.

"हे सांगायला आलीस? घोडा लहान निघाला म्हणून तू केलंस ते लहान झालं का?"

"नाही."

"तिथवर तर तिथवर. त्याला चेल्टनमला मी नेलं असतं. सहावा आला असता तर माझा सहावा आला असता."

पॉडीला काय ते सगळं आपण जाऊन सांगितलंय, एवढंच इटा म्हणाली. तो काय म्हणाला, हे सोरखाने विचारलं नाही. ती घोडीला घेऊन पुन्हा वळली. इटा परत निघाली, पण दोनच पावलं गेली असेल, तिला मागून घोडी उडाल्याचा आवाज आला, हलका, नेमका, आणि न राहवून तिने वळून पाहिलं. आणि तिला पुन्हा तेच बघवेना. इतकं सगळं होऊनही. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की पुन्हा मागे न बघता ती गाडीत जाऊन बसली.

उन्हाळ्यात डिनीनचा उत्साह ओसरला. त्याने एक छोटी बोट विकत घेतली आणि घोड्यांतून अंग काढलं. संडे सूट मात्र इटाने ठेवून घेतला. सप्टेंबरात लिस्टोलच्या जत्रेत, उन्हात, बँडच्या आवाजात, तो एक साधीशी शर्यत जिंकला. टाळ्या पडल्या, मॉसने टोपी हवेत उडवली. रिंगणात घोड्याचा घाम पुसत असताना इटाला दिसलं की सोरखा गर्दीतून येतेय. तिने इटाकडे पाहिलं नाही. सरळ घोड्यापाशी गेली, त्याच्या कपाळावरच्या ठिपक्यावर अंगठा फिरवला आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"छान उडाला," ती मग इटाच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली. "पण डावीकडे कलतोय. पाठ तपासून घे त्याची."

"घेते," इटा म्हणाली. "सोरखा..."

"माझी घोडी पुढच्या शर्यतीत आहे, मला जायचंय."

ती निघाली. घोड्याने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहिलं, आणि एकदा हलकेच खिंकाळला. इटाच्या हाताखाली त्याची मान गरम होती. तिने त्याचं तोंड आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला. तो वळला नाही.

"चल," मॉस बादली उचलत म्हणाला, "पाणी पाजू त्याला. आणि पाठ आत्ताच बघू. बरोबर म्हणतेय ती."

"माहितेय मला," इटा म्हणाली, आणि घोड्याला घेऊन चालू लागली.